पश्चिम उतारावरची पांढरी पानं

त्याने पहिली जुडी सोलली तेव्हा मी गप्प बसले. गिऱ्हाईक होतं, पैसे टाकले होते. भाजी उकडून खावी नाहीतर कानावर खोवावी, मला काय त्याचं. पण मग त्याने दुसरी जुडी ओढली. तिचीही एकेक गुलाबी पाकळी अलगद सोडवून तो माझ्याच टेबलावर ओळीने मांडायला लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

“अहो, भाजी घेताय की कोंबडी सोलताय?”

त्याने मान वर केली. चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब होते आणि त्यांच्यामागचे डोळे… जाऊ दे. डोळ्यांचं नंतर.

“फूल शोधतोय,” तो म्हणाला.

“समोर ढीग पडलाय.”

“यात एकही फूल नाही. ही सगळी पानं आहेत.”

हे त्याने मला सांगावं. जून लागला की आमच्या फू नोक डोंगरावर क्राचियाव फुटतो. हळदीचाच रानातला भाऊबंद, पण देठाच्या टोकाला गुलाबी तुरा असलेला. कळायला लागल्यापासून मी तो खुडतेय, आई तो उकडतेय, आणि डोंगराखालच्या वळणावर आमच्या पत्र्याच्या दुकानात तो मिरचीच्या ठेच्याबरोबर विकला जातोय. आणि हा शहरी बुटातला माणूस म्हणतो, हे फूलच नाही.

मागे आई कोळशावर पंखा हलवत होती. “मालिवान, हळू बोल,” ती म्हणाली. “पैसे दिलेत त्यांनी.”

“भाजीचे दिलेत. कचऱ्याचे नाही.”

“हे बघा तरी,” तो म्हणाला. त्याने तुऱ्याखालचा हिरवा भाग अंगठ्याने दाबला. तिथली पानं कडेला एकमेकांना चिकटून त्यांचे खिसे झालेले असतात, ते मलाही माहीत होतं. खिशातून पाणी सांडलं, आणि पाण्याबरोबर नखाएवढं, ओठ जांभळा असलेलं एक फूल बाहेर आलं.

“हे फूल. एवढंसं. याला जपायला या पानांनी खिसे शिवलेत. आत पाणी राहतं, म्हणून मुंग्या कळीपर्यंत पोचत नाहीत. आणि वरची ही गुलाबी पानं आहेत ना, यांच्या पोटी फूल नाही. ही नुसती हाक मारतात. माशी लांबून गुलाबी रंग बघून येते, आणि खाली उतरल्यावर तिला खरं फूल सापडतं. फुलाखालच्या अशा पानाला पुस्तकात छद म्हणतात.”

“आमच्याकडे फसवणूक म्हणतात.”

“फसवणूक कशी? माशीला मध मिळतोच की.”

“आणि मला दोन जुड्यांच्या कचऱ्याचं काय मिळालं?”

“मी तिसरी घेतो,” तो म्हणाला आणि हसला. हसताना एका बाजूचाच ओठ वर गेला. मला त्याचाही राग आला.

तिसरी जुडी सोडवता सोडवता त्याचे हात थांबले. तिच्यात एक देठ वेगळा होता. वर गुलाबी तुरा नव्हताच. खालपासून वरपर्यंत पांढरी पानं, कडा हिरवट, आणि प्रत्येक पानाचं टोक बाहेर वळलेलं. खुडताना माझ्याच हातून तो चुकून जुडीत आला असणार.

“हा कुठला?” त्याचा आवाज एकदम खाली गेला होता.

“डोंगरावरचा.”

“डोंगरावर कुठे?”

मी तो देठ त्याच्या हातातून काढून घेतला. “चाळीस बाट झाले. पाऊस वाढतोय, निघा आता.”

*

मी काय उगाच तुसडेपणा करत नव्हते. तीन वर्षांपूर्वी डोंगराच्या पूर्व उतारावर क्राचियावची एक बुटकी लाल जात फुलायची. कुणा हौशी माणसाने तिचा फोटो काढला आणि खाली डोंगराचं नाव घालून सगळ्यांना दाखवला. पुढच्याच आठवड्यात नर्सरीवाला गाडी घेऊन आला. फुलं नाही, गड्डे. पोत्यांनी नेले. माझे बाबा गावाच्या रानाची राखण करायचे. ते एकटे आडवे आले तर त्यांना ढकलून गाडी निघून गेली. आज तिथे नुसतं गवत आहे. त्यानंतर बाबा डोंगरावर चढले नाहीत. पावसाळ्यात ओसरीत डोंगराकडे पाठ करून बसायचे, आणि एक दिवस तसेच बसल्या बसल्या गेले.

म्हणून, फूल बघून ज्याचा आवाज खाली जातो, त्या माणसाची मला भीती वाटते. आणि भीती वाटली की मी चिडते.

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही. नाव वसान, शहरातल्या विद्यापीठात वनस्पती शिकत होता, आमच्या गावच्या विहाराच्या धर्मशाळेत उतरला होता. बाकावर बसून चिकट भात आणि उकडलेला क्राचियाव खायचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा लावायचा, आणि आईला म्हणायचा, “मावशी, अजून थोडा.” आई विरघळली. मी नाही.

“आज विचारणार नाही का, कुठला ते?” मी एका दुपारी स्वतःच टोकलं.

“तुम्ही नाही म्हणालात ना.”

“मग गुपचूप डोंगर चढायचा. कुंपण थोडंच आहे?”

“नाही म्हणजे नाही,” तो भाताचा गोळा करत म्हणाला. “मला कळतं.”

हे ऐकून माझा आणखी तिळपापड झाला. हट्ट केला असता तर हाकलता आलं असतं. चोरून गेला असता तर पकडता आलं असतं. हा नुसता बसून जेवत होता.

“एवढं काय आहे त्या पांढऱ्यात?” मी विचारलं.

“माहीत नाही. तेच तर. या डोंगरावर तीन-चार प्रकारचे क्राचियाव असतील, पण पानं बघाल तर सगळ्यांची सारखी. मी शपथेवर सांगतो, नुसत्या पानांवरून माझे सरही चुकतील. ओळख पटते ती छदांवरून. खिसे किती खोल, कडा कुठपर्यंत जुळल्यात, टोक वळतं की सरळ, वर तुरा आहे की नाही… तुमच्या त्या देठाला तुरा नव्हता. तसा मी कुठेच पाहिला नाही, कुठे वाचलाही नाही.” तो थांबला. “हाक न मारता तो माशीला बोलावतो कसा, एवढं बघायचं होतं.”

मी त्याच्या ताटलीत न विचारता भात वाढला. का वाढला कुणास ठाऊक.

“उद्या सहाला या,” मी म्हणाले. “आणि ते बूट नकोत. घसरून पडलात तर मी उचलणार नाही.”

*

वर जायच्या आधी मी त्याच्याकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. खणायचं नाही. मी म्हणेपर्यंत खुडायचं नाही. आणि जागेचं नाव कुणाला म्हणजे कुणाला कळता कामा नये.

“कबूल,” तो म्हणाला.

“शब्द फिरवलात तर—”

“तुमचा राग दिसतोय मला. शब्द कशाला फिरवेन?”

पश्चिम उतारावर ढग गुडघ्यापर्यंत उतरले होते. ओल्या गवतातून पुढे मी, मागे तो. तीनदा घसरला. तिसऱ्यांदा मी हात दिला, आणि नंतर सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही… थोडा वेळ.

पांढरे देठ कातळाच्या आडोशाला होते, गुलाबी क्राचियावांच्याच गर्दीत. तो त्यांच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसला. हात लावला नाही. किती वेळ नुसता बघत होता. माणूस जेवणाकडे असा बघतो, किंवा… मी मान वळवली.

“अजून मिटलेली आहेत सगळी,” तो म्हणाला. “छदं सुटायला वेळ आहे. खिसे उघडले, आतली फुलं आली, की मग नमुना घेता येईल. एखादाच. ही पानं मांसल असतात, कागदात दाबून वाळवली की सडतात, रंग जातो. स्पिरिटच्या बाटलीत ठेवावी लागतात.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत रोज बघायचं. तुम्ही आणलंत तर.”

मी आणलं. पावसात आणलं, उन्हात आणलं. तो मला छदांच्या कडांवरची लव दाखवायचा, मी त्याला माणसावर चढणाऱ्या जळवा दाखवायचे. एकदा माझ्या घोट्यावर जळू होती. त्याने खाली वाकून चिमूटभर मीठ लावलं, ती पडली, तरी त्याचा हात घोट्यावरच राहिला.

“निघाली ना?” मी म्हणाले.

“हो.”

“मग?”

“बघतोय, दुसरी आहे का.”

“आहे. चष्मा घातलेली.”

तो लाल झाला आणि मी हसले. माझं हसणं त्या उतारावर मलाच परकं वाटलं. बाबा गेल्यानंतर मी तिथे कधी हसलेच नव्हते.

एकदा एका रेनकोटाखाली दोघं कातळाला टेकून उभे असताना त्याने विचारलं, “तुम्हाला सतत राग का येतो?”

“तुम्हाला का येत नाही?”

त्याने रेनकोट माझ्या बाजूला आणखी ओढला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता, आणि मी बाजूला झाले नाही.

*

ज्या दिवशी पहिला खिसा उघडायला आला होता, त्या दिवशी दुकानासमोर एक मोटार थांबली. शहरी बाई. काच खाली करून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“अगं, हा पांढरा क्राचियाव तुमच्याकडे मिळतो का? इथलाच आहे म्हणे.”

पडद्यावर माझा कातळ होता. माझे पांढरे देठ. खाली लिहिलं होतं, आमच्या विभागाचा शोध, बहुधा नवी जात, फू नोक, पश्चिम उतार. त्याखाली लोकांची रांग लागली होती. कुंडीत जगेल का, गड्डा कुठे मिळेल, मला हवा, मलाही हवा.

बाईला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. विहाराच्या धर्मशाळेपर्यंत मी कशी पोचले तेही नाही. तो ओसरीत टेकून चष्मा पुसत होता.

“कुणाला पाठवलास तू तो फोटो?”

इतके दिवस मी त्याला ‘तुम्ही’ म्हणत होते. ‘तू’ आला तो रागातून.

“कुठला फो—”

“बोल.”

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग स्वतःचा मोबाइल काढून पाहिला, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“सरांना,” तो म्हणाला. “छदांबद्दल त्यांचं मत हवं होतं. फक्त त्यांना, मालिवान. त्यांनी तो विभागाच्या पानावर—”

“आणि जागा? जागा त्यांना स्वप्नात दिसली?”

त्याने मोबाइल पालथा ठेवला.

“जागा लिहिलीस तू.”

“लिहिली,” तो म्हणाला. “सवयीने. नमुन्याच्या खाली जागा लिहायची सवय असते. सरांना सांगितलं तर ते बाहेर जाईल असं…”

“कुणाला म्हणजे कुणाला, असं म्हटलं होतं मी. त्यात तुझे सर येत नाहीत? ते माणूस नाहीत?”

त्याने माझ्यासमोरच सरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. अरे, केवढं नाव झालं बघ तुझं, लोक कौतुक करतायत, घाबरतोस काय. वसानने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला असावा, कारण तो मध्येच फाटला. “आत्ता काढा ते. आत्ता.” पलीकडून फोन बंद झाला. थोड्या वेळाने तो फोटो तिथून गेला. पण तोवर तो कुठे कुठे पसरला होता, देव जाणे.

“माझे वडील याच्यापायी गेले,” मी म्हणाले. “मी हे तुला कातळापाशी बसून सांगितलं होतं. तू मान हलवलीस. तुझं मान हलवणं मला इतकं खरं वाटलं, की मी घरी येऊन आईला म्हणाले, हा वेगळा आहे.”

“मालिवान…”

“माझं नाव घेऊ नकोस. तेही कुठेतरी लिहून पाठवशील.”

*

घरी आले तर आई दुकानाच्या दारात उभी होती. “तो आला होता,” ती म्हणाली. मला नाव विचारावं लागलं नाही. नर्सरीवाला. “पांढऱ्याचं विचारत होता. मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणाला, उद्या माणसं घेऊन येतो, आम्हीच शोधू, आता फोटो आहे.”

वनखात्याची चौकी घाटापलीकडे, आणि घाटात दरड पडलेली. गावप्रमुखांनी फोन केला. उत्तर आलं, परवापर्यंत बघू.

मी ओसरीत बसले. बाबा बसायचे तिथेच, पण तोंड डोंगराकडे करून. रागाचा एक गुण आहे, तो माणसाला रडू देत नाही आणि विचार करायला लावतो. आता फोटो आहे, तो म्हणाला होता. फोटोत काय आहे? पांढरी पानं. छदं. नर्सरीवाल्याने या झाडाचं दुसरं काही पाहिलेलंच नाही.

मी पुन्हा विहारात गेले. वसान सामान बांधून तसाच बसला होता.

“एक विचारते, तेवढंच सांग,” मी म्हणाले. “छदं नसली तर? पांढरी कुठली, गुलाबी कुठली, ओळखता येईल?”

“नाही.”

“तुला?”

“मलासुद्धा नाही. पानं एकसारखी, गड्डेही वरून तसेच…” तो बोलता बोलता थांबला. माझ्या मनात काय आहे ते त्याला कळलं. इतक्या दिवसांचं काम, त्याचा शोध, त्याची नवी जात. खिसे आजच उघडत होते आणि त्याने अजून एकही देठ घेतला नव्हता, कारण मी अजून हो म्हटलं नव्हतं.

तो एक दिवस थांब म्हणेल, एक तरी नमुना घेऊ दे म्हणेल, असं मला वाटलं. म्हणू दे, मी मनात म्हटलं. म्हणजे कायमचा सुटेल माझ्या मनातून.

“फक्त पांढरीच कापली तर चालणार नाही,” तो म्हणाला. “कापलेला देठ दिसतो. जिथे देठ कापलेला तिथेच तो खणेल. उतारावरची सगळी कापायला हवीत. गुलाबी, पांढरी, सगळी.”

“गड्ड्याला काही होईल?”

“नाही. या वर्षी बी धरणार नाही, एवढंच. गड्डा पुढच्या पावसात पुन्हा फुटेल.”

उजाडताच आम्ही वर होतो. गावातल्या बायका पाठीला टोपल्या लावून आल्या, आई आली, गुडघे दुखतात म्हणून कधी चढत नसे तीही. कोयत्यांचा आवाज आणि ओल्या देठांचा हळदीसारखा वास. वसान कातळापाशी होता. पांढरे देठ त्याने दुसऱ्या कुणाला कापू दिले नाहीत. खिसे उघडले होते. आतली फुलं फिकट पिवळी होती, आणि त्यांना कच्च्या आंब्यासारखा वास येत होता, मी पहिल्यांदाच घेतला तो. “वासाने बोलावतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “रंगाने नाही. वासाने.” मग त्याने कोयता लावला. एकामागून एक. प्रत्येक देठ माझ्या टोपलीत टाकत गेला, आणि मी त्याच्या हातांवर नजर ठेवून होते, एखादा खिशात जातो का. त्याच्या सदऱ्याला खिसाच नव्हता.

नर्सरीवाला आला तेव्हा ऊन वर आलं होतं. बरोबर कुदळी घेतलेली माणसं. समोर अख्खा उतार हिरवागार, एका रंगाचा, आणि कडेला आम्ही टोपल्या गवताने झाकून बसलेल्या.

“काय चाललंय हे?” त्याने विचारलं.

“भाजी खुडली,” आई म्हणाली. “वर्षानुवर्षं खुडतो.”

त्याने वसानकडे बघितलं. “तुम्ही विद्यापीठातले ना? तुम्हाला ओळखता येईल. कुठली पांढरी, दाखवा. तुमचंही बघू काहीतरी.”

“फुलाखालची पानं नसली तर मलाही ओळखता येत नाही,” वसान म्हणाला. तो खरंच बोलत होता, आणि म्हणूनच त्याचा आवाज हलला नाही.

“मग सगळंच खणतो.”

तेव्हा मी उठले. हातात कोयता होता, तो मी खाली ठेवला नाही. “तीन वर्षांपूर्वी इथे एक माणूस आडवा आला होता,” मी म्हणाले. “त्याला ढकललंत. मी त्याची मुलगी. आज ढकलून बघा.” माझ्या मागे बायका उठल्या. कुणी ओरडलं नाही. सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या, हातातल्या कोयत्यांसकट, आणि त्याच्या माणसांनी कुदळी खांद्यावर घेतल्या आणि इकडे तिकडे बघितलं. एवढा उतार खणायला आठवडा लागला असता, आणि मिळालं काय असतं, उकडायचा क्राचियाव. जाताना त्याने रागाने पायापाशी होते ते चार गड्डे उपटून नेले. गुलाबीचे निघाले असतील. नसतीलही. ते आजही मला माहीत नाही, आणि कधीकधी ते मला छळतं.

संध्याकाळी गावाने क्राचियाव खाल्ला, सगळ्या जातींचा एकाच पातेल्यात. वसाननेही खाल्ला. मी त्याच्याशी बोलले नाही. आईने त्याला पांढऱ्याचा देठ वाढला आणि विचारलं, “कसा लागतो रे?”

“कडू आहे,” तो म्हणाला. “खूप.”

सकाळच्या बसने तो गेला. मी फाटकापर्यंतही गेले नाही. त्याचा नंबर मोबाइलमधून बंद करून टाकला, आणि मग दिवसातून चारदा बघत राहिले की बंदच आहे ना.

*

पाऊस सरला. क्राचियावची पानं पिवळी पडून जमिनीला मिळाली आणि डोंगर उघडा पडला. ही झाडं थंडीत मरतात असं लोकांना वाटतं. मरत नाहीत, गड्ड्यात जाऊन बसतात, वर काहीच ठेवत नाहीत. आम्ही ऊसतोडीला लागलो. मी ऊस असा तोडायचे, की शेजारच्या बायका दोन हात लांब राहायच्या. राग त्याने शब्द मोडला याचा होता. त्याने न मागता सगळं कापून टाकलं याचाही होता. आणि मी त्याला जाऊ दिलं… तो सगळ्यात मोठा.

जानेवारीत एका दुपारी बांधावर कुणीतरी उभं दिसलं. पाठीवर पिशवी, चष्मा, तेच बूट.

मी ऊस तोडत राहिले. तो येऊन समोर थांबला.

“आता डोंगरावर काही नाही,” मी म्हणाले. “एक पानसुद्धा नाही.”

“माहीत आहे. मी वनस्पती शिकलोय.”

“मग कशाला आलास? पाऊस यायला पाच महिने आहेत.”

“म्हणूनच,” तो म्हणाला. “जूनमध्ये आलो असतो तर तू म्हणाली असतीस, फुलासाठी आला.”

माझा कोयता थांबला. तो भरभर बोलायला लागला, थांबला तर पुन्हा जमणार नाही असं. त्याने सरांकडचं काम सोडलं होतं. पांढऱ्याबद्दल एक ओळही कुठे लिहिली नव्हती. तालुक्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागणार होता, सोमवारपासून, खोलीही बघितली होती, गावापासून लांब नव्हती. “पांढऱ्याला नाव मिळालं नाही तरी चालेल मला. मिळालंच तर जागा कुणालाच कळणार नाही, सरांनासुद्धा. तू म्हणशील तेव्हा, तू म्हणशील तसं. पण तुझ्याशिवाय… मला हे त्याच दिवशी कातळापाशी सांगायचं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुझ्या हातात कोयता होता.”

“आजही आहे.”

“हो,” तो म्हणाला. “पण आज मला राहवलं नाही.”

उसाच्या पाचटावर ऊन पडलं होतं, वाऱ्याने ते सळसळत होतं, आणि पलीकडच्या सगळ्या बायका तोडणी थांबवून उघड उघड आमच्याकडे बघत होत्या. मला त्यांचा राग आला. त्याचा आला. एवढे महिने लावल्याचा आला. माझे डोळे भरले, त्याचा तर सगळ्यात जास्त.

“माझा राग गेलेला नाही,” मी म्हणाले.

“जाऊ देऊ नकोस. मी राहतो त्याच्याबरोबर.”

“भारी पडेल.”

“बघू.”

“आयुष्यभर पडेल, वसान.”

“मी ते विचारायलाच आलोय,” तो म्हणाला, आणि या वेळी दोन्ही बाजूंचे ओठ वर गेले.

मी हात पुसले. त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली, पुस्तकांनी जड होती, आणि घराच्या वाटेला लागले. दहा पावलं गेले तरी मागून काही ऐकू येईना, तेव्हा मी वळून ओरडले, “चल की. आई जेवायची थांबलीय.” आई थांबलेली नव्हती, तिला काही माहीतही नव्हतं. पण तो पळत आला.